गणपतीचा तांदूळ

रत्नागिरी,
१२ जुलै २०२५

प्रिय हर्षददादा,

नमस्कार. वहिनी आणि मुलं मजेत असतील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही.

माझी पाहणीची नोकरी बरी चालली आहे. गरिबी ती काय मोजायची, असं तू नेहमी चिडवतोस. दारिद्र्यरेषेखाली किती घरं, हे सगळेच मोजतात. आमच्या संस्थेला ते घर रेषेच्या किती खाली आहे ते हवं असतं. पाणी गुडघ्यापर्यंत की नाकापर्यंत, तसं. त्यासाठी दर काही वर्षांनी त्याच घरांत जायचं आणि विचारायचं, गेल्या आठवड्यात काय खाल्लंत?

मागच्या फेरीत आमची चांगलीच फजिती झाली. पूर्णगडाकडच्या वाड्यांतली गरिबी जवळजवळ नाहीशी झालेली! पुण्याचे साहेब खूश. मग कोणीतरी तारखा पाहिल्या, तर आमची माणसं ऐन गौरी-गणपतीत फिरली होती. त्या आठवड्यात कोकणात गरीब सापडेल का? उसनंपासनं करून घरोघर मोदक, वडे, पाहुण्यांच्या पंगती. म्हणून यंदाची फेरी आषाढात ठेवली.

मंगळवारी काम लांबलं आणि एसटी चुकली. आपलं घर जवळच, म्हणून अक्काकडे मुक्कामाला गेले. कळवलं नव्हतं.

अक्का जेवत होती. पेज आणि मीठ. पेज कसली, गरम पाणीच, तळाला थोडी शितं. मला बघून तिने वाडगा झाकला. "काय गो, आधी सांगायचंस नाय?" म्हणत शेजारच्या हौसाकडे अंडी मागायला निघाली. मी हाताला धरून बसवली. हात फार बारीक झालाय तिचा, दादा.

पिंप उघडलं तर तांदूळ काठोकाठ. "हा असताना पेज का पितेस?"

"तो गणपतीचा हाय. हर्षदाची पोरं येतील, त्यांना काय पेज वाढू?"

सवयीने मी तिला आमचे प्रश्न विचारले. आधी हसली, मग एकेक सांगत गेली. पाऊस लागला की ती एक वेळच जेवते. दर वर्षी. आई-बाबा गेल्यापासून ते घर आपल्या या थोरल्या बहिणीने असं उघडं ठेवलंय. तू पैसे पुढे केलेस की ती "घरात काय कमी हाय?" म्हणते आणि तू पाकीट खिशात घालतोस. मीही तिथेच बसून दुसऱ्यांदा मोदक मागते. या फेरीत मी पाहिलेलं सगळ्यात खालचं घर ते आहे, आणि ते आमच्या यादीत नाही.

मी दारोदार शांतपणे लिहून घेणारी बाई. त्या दिवशी मागीलदारी जाऊन रडले. तुझा फार राग आला.

तू यंदा गणपती अकरा दिवसांचा करू म्हणालास, ऑफिसातले मित्रही आणतो म्हणालास. अक्का हो म्हणाली. ती नाही म्हणणारच नाही. तुझा तो फोन आल्यापासून तिने पेजेतले तांदूळ आणखी कमी केलेत.

नेहमीचे पाच दिवस पुरेत, आणि शिधा आपण दोघं भरू. पण ते पुढचं. आधी, हे पत्र मिळालं की पहिल्याच रविवारी जा. तिला कळवू नकोस. जेवायच्या वेळेला पोच, आणि ती जे जेवत असेल, तेच तिच्यासमोर बसून जेव.

रागावलेली, तरी तुझीच,
सावनी