तीन कड्यांची साखळी

प्रिय क्लाइव,

तू कसा आहेस हे मी विचारत नाही. विचारलं की तू गुलाबांची छाटणी सांगत बसतोस. ऑक्टोबरपासून तू छाटतोच आहेस, एव्हाना बागेत नुसते खुंट उरले असतील. त्यापेक्षा शनिवारच्या छोट्या रेल्वेंच्या प्रदर्शनाची हकीकत ऐक. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये दरवर्षीसारखंच भरलं होतं. तोच कढत पाण्यासारखा चहा, तीच अंड्याची सँडविचं, दारात तीच तिकीट फाडणारी ऑड्री, आणि खिडकीखाली टेबलावर मांडलेलं, आपण दोघांनी बनवलेलं चिमुकलं थॉर्नबेक स्टेशन. फक्त तू नव्हतास, आणि तुझ्याऐवजी क्लबने माझ्या गळ्यात रॉडनी बांधला होता.

रॉडनी म्हणजे तो निवृत्त दंतवैद्य. जन्मभर दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची त्याला सवय. मी त्याला माझ्या जागी, पडद्यामागच्या यार्डात बसवलं. काम सोपं होतं: मी घंटी दिली की पुढची गाडी सोडायची. यार्डात प्रत्येक गाडीखाली मी चिठ्ठी लावून ठेवली होती. तरी पहिल्याच घंटीला बोगद्यातून काय बाहेर आलं असेल? निळं डिझेल इंजिन! एकोणीसशे अडतीस सालच्या थॉर्नबेकमध्ये! फलाटावर तो टोपीवाला स्टेशनमास्तर उभा, आणि समोरून तीस वर्षं पुढची गाडी येतेय. मी पडद्यावरून डोकावलो तर हा सँडविच खातोय. वर मलाच म्हणतो, “अरे, जरा बदल नको का? तुझ्या त्या कोळशाच्या वाघिणी बघून लोक पेंगायला लागलेत.” घरून स्वतःचं इंजिन खिशात घालून आणलं होतं महाशयांनी!

आणि तुझं काम माझ्याकडे. क्लाइव, इतकी वर्षं मी पडद्यामागे बसलो. तू पुढे काय करतोस ते मला दिसायचंच नाही. घंटी वाजायची, मी गाडी सोडायचो, थोड्या वेळाने ती नीट जुळून परत यायची, एवढंच मला ठाऊक. शनिवारी कळलं. ती टोकाला वाकवलेली तार हातात धरायची, दोन डब्यांच्या मधे वाकायचं, तीन कड्यांच्या साखळीची तिळाएवढी शेवटची कडी अलगद उचलायची आणि पलीकडच्या हुकात टाकायची, तेही समोर पंधरा-वीस माणसं श्वास रोखून बघत असताना. माझा चष्मा घसरत होता, कंबर मोडली, कडी काही उचलेना. एक वाघीण तर मी चक्क रुळावरून ढकलून दिली. एक बाई म्हणाल्या, “यापेक्षा जोरात नाही का पळत हे?” भिंग घेऊन आलेला एक गृहस्थ इंजिनाचं धुराडं उंच झालंय म्हणून वाद घालत राहिला. मी त्याला तिथेच वाफ काढून दाखवणार होतो, स्वतःच्या कानातून.

त्या बिनकामाच्या गर्दीत एक म्हातारेबुवा मात्र बराच वेळ उभे होते. शेवटी पुढे वाकून म्हणाले, “ते नाही आले का? मागच्या वर्षी होते ते? ते डबे जोडायचे ना, ते बघायलाच मी बस बदलून आलो.” मी म्हटलं, तो बागेत आहे. “मार्चच्या या गारठ्यात?” म्हातारेबुवा म्हणाले. मी त्यांना सँडविच दिलं आणि तुझा मनापासून राग आला.

जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला बाकीची टेबलं फिरून आलो. स्कॉटलंडचा एक छोटा घाट होता, पाऊल ठेवायचा मोह व्हावा इतका सुंदर. ‘हे बघ’ म्हणायला मी वळलो, तर शेजारी रॉडनी. तो म्हणाला, “यात डिझेल किती छान दिसेल!”

त्यातच जिल्ह्याची प्रदर्शनं भरवणारा हॅरल्ड मला चहाच्या टेबलापाशी गाठून बसला. मे महिन्यात जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन आहे, आणि त्यांना थॉर्नबेक हवंय. “पण नॉर्मन, खरं सांगू? आजच्यासारखं असेल तर नको. तुम्ही दोघं असाल तरच. नाहीतर मोकळं सांग, मी ती जागा दुसऱ्याला देतो.” रॉडनीने लगेच मधे तोंड घातलं, की नाहीतर थॉर्नबेक तो घ्यायला तयार आहे, फलाट काढून तिथे डिझेलची शेड छान बसेल. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय म्हणालो ते चर्चच्या आवारात म्हणण्यासारखं नव्हतं. ऑड्रीने ऐकलं, तुला सांगेलच.

आता तुझ्यावर येतो. ऑक्टोबरच्या त्या दुसऱ्या प्रदर्शनात मी पडद्यामागून फक्त हसणं ऐकलं. कोणीतरी म्हणालं, “आजोबांनी सकाळीच घेतलेली दिसतेय.” मग घंटी वाजलीच नाही. मी बाहेर आलो तेव्हा तार टेबलावर होती आणि तुझा कोट गेलेला. मला वाटलं, रागावलास, दोन दिवसांत येशील. दोन दिवस गेले, नाताळ गेला, तू गुलाब छाटतोयस. आणि खरं काय ते मला कुठे कळलं, तर शनिवारीच घरी जाताना, औषधाच्या दुकानात, रांगेत! तुझी डोरीन माझा हात धरून म्हणाली, “मी काही सांगितलेलं नाही हं नॉर्मन. पण जेवताना तो उजवा हात टेबलाखाली धरून बसतो. डॉक्टरांनी पार्किन्सनचा आजार सांगितलाय.” अरे, माझ्या लग्नात माझा टाय तू बांधलास, आणि एवढी गोष्ट मला खोकल्याचं औषध घेताना कळावी? मी दुकानाबाहेर येऊन गाडीत बसलो आणि तुला इतक्या शिव्या दिल्या की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच वर केली. मग थोडा रडलो. तेही सांगून टाकतो.

हे पत्र लिहायचं कारण आता ऐक, कारण दुसऱ्या कोणाकडून ऐकलंस तर तू मला कधीच माफ करणार नाहीस. रविवारी मी कटर घेऊन बसलो आणि थॉर्नबेकच्या सगळ्या डब्यांच्या साखळ्या कापून टाकल्या. तुझ्या हाताने वळलेल्या, सगळ्या. त्या जागी डबे अडकवायचे ते मोठे काळे आकडे बसवले. हो, तेच, लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यांना असतात ते, ज्यांना आपण दोघांनी जन्मभर नावं ठेवली, ज्यांच्याविरुद्ध मी क्लबच्या पत्रिकेत पानभर लिहिलंय. रुळांमधे चुंबकं पुरली आहेत. डबा चुंबकावर येऊन थांबला की आकडा आपोआप सुटतो, नुसता ढकलला की जोडला जातो. तार नको, वाकणं नको, कडी उचलणं नको. फक्त गाडी कुठे थांबवायची हे कळलं पाहिजे, आणि ते शनिवारी मला एकदाही कळलं नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. भिंगवाला हसेल, सगळा क्लब हसेल, हसू दे. मी हॅरल्डला ‘दोघं येतोय’ असं कळवून टाकलंय. कंट्रोलरचं बटण मोठं बसवलंय, हात थरथरला तरी चालेल असं. तुला शिव्या द्यायच्या असतील तर मंगळवारी सरावाला ये आणि समोर उभा राहून दे, पण ये. मी पडद्यामागे बसलेला असेन. तू घंटी दे.

तुझाच,
नॉर्मन