काळ्या पोवळ्याचे आठ ग्रॅम

सोमवार, ३. सकाळी ७
युनिव्हर्सिटीचं पत्र. महिनाअखेर थीसिस दिला नाही तर पीएचडीतून नाव कमी. नववं वर्ष, शेवटची मुदत. काळजी नाही. काळ्या पोवळ्याचा शेवटचा तुकडा आहे, आठ ग्रॅम. त्यातून एक नवं स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलचं कुणाला ठाऊक नसलेलं भावंड, काढायचं. गंगेत घोडं न्हालं!
उद्यापासून सहाला उठणे.

मंगळवार, ४
साडेआठला उठलो. गाइड मॅडम म्हणाल्या, अर्धाच तुकडा वापर. अख्खा कुटला. हात आखडून शोध लागत नसतात.

गुरुवार, ६
काचेच्या बाटल्या धुवायला वेळ कुणाला? अर्क प्लास्टिकच्या बाटलीत ठेवला. बाटली नवी कोरी आहे.

मंगळवार, ११. दुपारी २
पदार्थ ओळखणाऱ्या मशीनवरचे काका म्हणतात, आधी नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे अर्क काढायचा द्रव, मशीनला लावा, पोवळं न घालता. आता पोवळं न घालता पोवळ्यातलं काय डोंबल सापडणार? तीस वर्षं एकच बटण दाबलं की माणसाचं असं होतं. थेट अर्क लावला.

दुपारी ४
सापडलं!!! ग्राफवर ताडमाड पीक, म्हणजे सुळका! मशीनची यादी म्हणते, हा प्लास्टिकमधला पदार्थ. यादी जुनी आहे. काका गालातल्या गालात हसले. जळतात मेले.

बुधवार, १२
स्टेरॉलला बायकोचं नाव दिलं. ती म्हणाली, आधी डिग्री घे, बारसं मग कर. आईला फोन केला. तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवलं.
थीसिस उद्यापासून.

सोमवार, २४
थीसिसची चार पानं झाली. तीन आभारांची.
मॅडमनी तसल्याच बाटलीत ठेवलेलं नुसतं सॉल्व्हंट मशीनला लावलं. पोवळ्याचा कणही नाही. तेच पीक. थोडं उंचच. काका हसले नाहीत, हे जास्त लागलं.
मॅडमनी विचारलं, पोवळं किती उरलंय? मी म्हटलं, बघून सांगतो. खलात बघितलं. खल धुतलेला होता. एवढं एकच काम मी वेळेवर केलेलं.

सोमवार, ३१
नाव कमी झालं. मॅडम फाडून खातील म्हणून तीन उत्तरं पाठ करून गेलो. रागावल्याच नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा. चहा पाजला आणि लॅबची किल्ली मागितली. दिली.
रागावल्या असत्या तर अजून एक मुदत मागता आली असती.