ब्लोअर तुझ्याकडे, शाफ्ट माझ्याकडे

१० जानेवारी १९९६

आर्वो,

तू बरा असशील. आम्ही दोघंही बरे आहोत. फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितोय. ओढ्यापलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवतोय हे बघून पोस्टातली बाई हसली. हसू दे.

मुद्द्याचं बोलतो. ब्लोअर परत दे.

यंदाचा बर्फ तू बघतोच आहेस. सरोवरावरून ढग निघतात ते थेट आपल्या डोक्यावर येऊन रिकामे होतात. माझ्याकडे ट्रॅक्टर आणि पुढची बकेट, एवढंच आहे. बकेटनं बर्फ उचलायचा, मागे यायचं, वळायचं, सौनाच्या खोपटामागे नेऊन ओतायचा आणि परत यायचं. तोवर साफ केलेलं पुन्हा पांढरं. नोव्हेंबरात कंटाळा करून मी ढीग वाटेला लागूनच घातले होते. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलेत आणि वाट इतकी अरुंद झालीय की गाडीचे आरसे मिटून बाहेर पडावं लागतं. परवा बकेटचा कोपरा लागून सौनाची पायरी उखडली. ब्लोअर असता तर हा सगळा बर्फ केव्हाच पलीकडच्या रानात उडवला असता.

एवढं सगळं करून आत यावं, कॉफी ओतावी, तोच रस्त्यावरून बर्फ सारणारा सरकारी नांगर जातो आणि आमच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालतो. ओला, दगडासारखा. मी खिडकीतून शिव्या घालतो. इल्मा म्हणते, "त्याला ऐकू जात नाही रे, मला जातंय."

मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला आमची गाडी रस्त्याला लागलीच पाहिजे. हँकॉकला काम असतं. काय काम, ते तुला काय करायचंय?

ब्लोअर आपण दोघांनी मिळून घेतला होता. तो तुझ्या शेडमध्ये नुसता उभा आहे, कारण तो फिरवायला तुझ्याकडे ट्रॅक्टरच नाही. विचार कर.

रेनो पेल्तोला


२४ जानेवारी

आर्वो,

तुझं कार्ड मिळालं. "आधी शाफ्ट दे. मग बघू." ना नमस्कार, ना खुशाली. छान.

शाफ्ट घेऊन तू काय करणार? ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरपर्यंत न्यायची, एवढंच त्या दांड्याचं काम. ट्रॅक्टर नसताना तो काय पीठ मळायला वापरणार आहेस?

इल्माला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "याच्याकडे ब्लोअर, त्याच्याकडे शाफ्ट. दोघं मिळून एक अख्खा मूर्ख होतो बघ."

मला अजून कळत नाही की मार्चमध्ये माझं काय चुकलं. ब्लोअरच्या शाफ्टमधला तो बोल्ट मुळात तुटण्यासाठीच असतो. आत काही अडकलं की बोल्ट जातो आणि गिअरबॉक्स वाचतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण सकाळपासून बोल्ट तुटताहेत म्हणून तू चिडलास आणि पोलादी बोल्ट ठोकून बसवलास. "आता बघू कसा तुटतो!" नाहीच तुटला. बर्फात गाडलेला ओंडका आत गेला आणि गिअरबॉक्स फुटला. चर्चच्या कॉफीला मी ते सांगितलं. लोक हसले. त्यात खोटं काय होतं? तू कप खाली ठेवलास, "शनिवारी सौनात वाफ घ्यायला माझी वाट बघू नकोस" म्हणालास, आणि दुसऱ्याच दिवशी मी घरी नसताना ब्लोअर उचलून नेलास. म्हणून मी शाफ्ट कुलपात टाकला. तू दुरुस्ती करून घेतलीस हे मला माहीत आहे. चांगलं केलंस. पण मग असा अडवून का बसलास?

आता लिहायला बसलोच आहे तर लिहून टाकतो. इल्माच्या किडन्या गेल्या आहेत. थँक्सगिव्हिंगपासून. आठवड्यातून तीनदा तिला हँकॉकला इस्पितळात मशीनला जोडतात आणि रक्त धुऊन काढतात. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, मग श्वास लागतो. परतताना ती गाडीत डोळे मिटून बसते आणि मी तिच्याकडे बघायचं टाळतो. मला भीती वाटते, आर्वो.

बायकोचं आजारपण पुढे करून यंत्र मागितलं, असं तू म्हणशील. ते मला सोसायचं नाही. म्हणून सांगतो, शाफ्ट मी देणार नाही. तू ब्लोअर घेऊन ये.

रेनो


५ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय आर्वो,

सोबतचं चोवीस तारखेचं पत्र मी टपालात टाकलंच नव्हतं. कोटाच्या खिशात राहिलं. राहिलं कसलं, ठेवलं. आधी ते वाच.

शनिवारी आम्ही पोहोचलो नाही. वादळात वाट पुरी बुजली. पहाटेपासून बकेट चालवत होतो, पण बर्फ ओतायला जागाच उरली नव्हती. ढिगावर टाकला की घसरून परत वाटेत. शेवटी ट्रॅक्टर बांधात रुतला आणि मी फावडं घेतलं. इल्मा कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. दुपारी तिनं कोट काढून खुंटीला लावला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रविवारी तिला श्वास घेता येईना. अँब्युलन्सला रस्ता करत पुढे नांगर आला. तोच, ज्याला मी महिनाभर शिव्या घातल्या. त्यानं आमचा बांध फोडला, वाट मोकळी केली, माझा ट्रॅक्टर ओढून काढला, आणि अँब्युलन्सच्या पुढे चालत तिला हँकॉकला पोहोचवलं. त्याला मी धड धन्यवादही देऊ शकलो नाही.

आज तिला घरी सोडलंय. पाव भाजायला घेऊ का, असं विचारत होती, इतकी ठीक आहे. पण डॉक्टर म्हणाले, पुन्हा खेप चुकवू नका. आणि आज रात्री पुन्हा बर्फ आहे.

मला बकेटनं जमत नाही. एवढं लिहायला मला महिना लागला.

ट्रॅक्टर तुझ्या अंगणात उभा केलाय. टाकी भरलेली आहे. शाफ्ट सीटमागे बांधलाय. किल्लीला पिशवी लटकवलीय, तिच्यात तुटायचे बोल्ट आहेत, भरपूर. तुटले तर तुटू देत, मी कुणाला सांगणार नाही. दार वाजवलं नाही, कारण तू समोर आला असतास तर मी पुन्हा काहीतरी बोलून बसलो असतो. हे पत्र सीटवर ठेवून चालत घरी जातोय.

शनिवारी सौना तापवीन. पायरी अजून उखडलेलीच आहे, जपून चढ.

उद्या सातला निघायचंय. इल्मा कोट घालून बसलेली असेल. आता माझ्याकडे बकेटही नाही, आर्वो. तू आलास तरच आम्ही निघू.

तुझा धाकटा,
रेनो