वाढत्या अंगाचं माप

प्रिय लेकी,

तुझी कंबर आता कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे.

तुझ्या पोरीला घेऊन ते मोठं कॉलेज बघून आलो. वाचनालयात छतापर्यंत पुस्तकं! मी दारातच चपला काढल्या. दुसरं कुणीच काढत नव्हतं. पोर हसली नाही, तिनंही काढल्या. मग अनवाणीच कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन तिनं विचारलं, "फी माफी पुढच्या वर्षीही मिळते का?" फक्त पहिल्या वर्षी मिळते म्हणे.

बाहेर येताच तिनं त्या कॉलेजचा नाद सोडला. मी हळहळलो, तर म्हणते, "आजोबा, वाढत्या पोराचे कपडे तुम्ही सैल बेतता, पण अंगावरून गळतील इतके नाही ना? शेवटपर्यंत फी माफ करणारी तीन कॉलेजं आहेत. माझ्या गुणांना एक जरा सैल, दोन मापात. तिथंच अर्ज करते."

आपल्यात कॉलेजची पायरी कुणी चढलं नाही, आणि ही उभ्या उभ्या माप घेते! जन्मभर कात्री चालवलेला मी बघतच राहिलो.

तुला उगाच आस लागू नये म्हणून हे पत्र शिवणयंत्राच्या खणात ठेवतो. हातात पडलं, तर समज पोरीला प्रवेश मिळाला. मग मात्र हातातलं काम टाकून उत्तर लिही.

तुझे,
बाबा