पंतांचे खिसे

१२ एप्रिल, रविवार

परत पाव! अर्धा पंताच्या उशीखाली, वाळून कडक झालेला. उरलेला अर्धा ठकीच्या उशीखाली. बहीण तीन वर्षांची, हा पाच वर्षांचा, आणि वाटणी मात्र सुरीने कापल्यासारखी चोख. हे म्हणाले, "अगं, घरातल्या मुंग्यांनासुद्धा पंतांचाच आधार आहे!" पंत हे नाव ह्यांनीच ठेवलं. पोरगं हसतच नाही, म्हणून.

मला नाही हसू आलं. आठ महिने झाले दोघांना आमच्याकडे येऊन. आई गेली, बापाचा पत्ता नाही, शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा दोन दिवसांची उपाशी होती. सगळं माहीत आहे मला. पण आठ महिने पोटभर जेवतोय ना? भरलेले डबे उघडून दाखवलेत त्याला, एकदा नाही, दहादा. तरी विश्वास नाही. माझ्यावरच नाही, असंच ना?

१४ एप्रिल, मंगळवार

फार वाईट वागले आज. गिऱ्हाइकाचा पांढरा कोट शिवायला घेतला होता. पंत शेजारी येऊन टेकला आणि खिशातलं केळं चिरडून कोटाला लागलं. माझं डोकंच फिरलं. त्याच्या चारही पँटी मशीनवर घेतल्या आणि खिसे शिवून टाकले. दुहेरी टीप! वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, इतकी पक्की शिलाई कुणाला दिली नसेल.

तो दारात उभा राहून बघत होता. रडला नाही, भांडला नाही.

१५ एप्रिल

आज त्याने बिस्किट मोज्यात ठेवलं.

२० एप्रिल, सोमवार

मुलांना आमच्याकडे सोपवणाऱ्या संस्थेच्या बाईंचा फोन. मुलांची सख्खी आत्या सापडली. कागदपत्रं झाली. पुढच्या सोमवारी न्यायला येणार. "चांगली बाई आहे हो, स्वतःहून शोधत आली." असेल! देवता असेल. मला काय त्याचं?

पहिल्याच दिवशी बजावलं होतं त्यांनी — तात्पुरतं आहे, जीव लावू नका. मी शहाण्यासारखी मान डोलावली होती. जीव म्हणजे काय कोटाचं बटण आहे, आज लावलं, उद्या काढलं?

ह्यांना सांगितलं. रेडिओ उघडून दुरुस्त करत बसले. तो बिघडलेलाच नव्हता.

एकच मागणं आहे आता. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याने उद्याची काळजी न करता खावं. एवढंही जमलं नाही तर आठ महिने मी केलं काय?

२२ एप्रिल

खिसे उसवले. चारही पँटींचे. पंत शेजारी बसून धागे गोळा करत होता.

"परत शिवशील?"

"नाही रे राजा. चुकलं माझं."

"तू एकटी राहणार इथे?"

"एकटी कशी? काका आहेत की."

तो विचारात पडला. काकांवर त्याचा फारसा भरवसा दिसला नाही.

२५ एप्रिल, शनिवार

स्ट्रॉबेरीच्या मळ्यात गेलो. गावाबाहेर आहे, टोपली घ्यायची आणि आपली आपण तोडायची. मळेवाली भल्यामोठ्या टोपीखालून ओरडून सांगत होती, "देठाजवळचे खांदे पांढरे असतील तर हात लावू नका, तोडल्यावर पिकत नाही ती! ओढायची नाही, देठ नखाने खुडायचा! वाफ्यात आहात तोवर हवी तेवढी खा!"

ठकीला शेवटचंच वाक्य ऐकू आलं. हनुवटीपासून पोटापर्यंत लाल झाली. ह्यांच्या तोंडातली अर्धी काढून खाल्ली. तिच्या टोपलीत शेवटी एक पान आणि एक गोगलगाय.

पंत खाईना. उकिडवा बसून एकेक निरखून टोपलीत ठेवत होता, बँकेतल्या कारकुनासारखा. मी म्हटलं, खा रे. मान हलवली. मग मळेवालीलाच विचारलं, "उद्या असतात?"

"ह्या नसतात. दुसऱ्या पिकतात. पान उचलून बघ की."

त्याने पान उचललं. खाली हिरव्या, पांढऱ्या, बोटाच्या टोकाएवढ्या — गच्च! दुसरं पान उचललं. तिसरं. सगळा वाफा तपासला त्याने. मग एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी खाल्ल्या, कोपरापर्यंत रस! आणि हसला. पंत हसला!

मी तोंड फिरवून रडले, चांगली हुंदके देऊन. हे म्हणाले, "ऊन लागलं का गं?" म्हटलं, हो, लागलं. त्यांचेही डोळे लाल होते, त्यांनाही लागलं असावं.

एक भलीमोठी, ठकीच्या मुठीएवढी, मात्र त्याने खाल्ली नाही. माझ्या पिशवीत कातरणं असतातच, त्यातली निळ्या चौकड्यांची चिंधी मागून घेतली, तिच्यात गुंडाळली आणि खिशात ठेवली. "ही कुणाची रे?" त्याने खिशावर हात दाबून धरला. मीही सोडून दिलं. खिसा उघडा होता, तेवढं पुरे.

२६ एप्रिल

बॅगा भरल्या. ठकीचा फ्रॉक तीनदा घडी केला. चौथ्यांदा ह्यांनी हातातून काढून घेतला.

२७ एप्रिल, सोमवार

गेली.

आत्याचं कपाळ थेट पंतासारखं. वाईट वागायला काही कारणच दिलं नाही तिने मला. उलट माझे हात धरून रडली. अर्ध्या तासात ठकी तिच्या कडेवर. निघताना पंत परत आत धावला, मोजे राहिले म्हणे. आला, गाडीत बसला, सरळ समोर बघत राहिला. मागे वळून बघितलं नाही. एकदाही नाही. आठ महिने सांभाळलं मी, आणि एवढंही नाही!

२८ एप्रिल

रात्री त्यांच्याच खोलीत झोपले, पंताच्या पलंगावर, पाय दुमडून. सकाळी दोन्ही उशा उचलून बघितल्या. खाली काही नाही. पहिल्यांदाच. म्हणजे भुकेची भीती गेली त्याची. चला, एवढं तरी पदरात पडलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आता ये आपल्या खोलीत." नाही गेले.

३० एप्रिल, गुरुवार

तीन रात्रींनंतर आज आमच्या खोलीतल्या चादरी बदलायला घेतल्या. माझी उशी उचलली. निळ्या चौकड्यांची चिंधी, लाल डाग फुटलेला. आत ती भलीमोठी स्ट्रॉबेरी, देठासकट. बुरशी धरली होती.

मोजे नव्हते राहिले. मी उपाशी राहीन असं वाटलं त्याला.