लेथवरची बाई

बाबा, आज तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडले आहे. लढाईच्या दिवसांत वर्कशॉपमधून तुम्ही एका इंग्रजी वर्तमानपत्राचं पान आणलंत आणि मुलुंडच्या आपल्या स्वयंपाकघरात, आई भाकऱ्या थापते तिथेच वर, खळीने चिकटवलंत. विलायतेतली एक बाई, केसांना रुमाल बांधून, लेथ चालवते आहे. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, यंत्र ओळखीचं होतं. "माझंच काम करते बघ ही. ताकद नाही लागत, नजर लागते. तू शीक." आई म्हणाली, "तिच्या घरी भाकऱ्या कोण थापतो, ते विचारा आधी." तुम्ही नुसते हसलात.

मी शिकले. घरातली पहिली बी.ए. घाटकोपरच्या शाळेत मुलींना भूगोल शिकवते. गेल्या रविवारी एक इंजिनियर मला बघायला आला, विलायतेत राहून आलेला. चहा झाल्यावर त्याने आपला कप उचलून मोरीत नेऊन ठेवला, तर आई माझ्या कानाशी कुजबुजते, "कप स्वतः उचललान गो. हा नाही तुला नोकरी सोडायला सांगायचा." आणि तोच शांतपणे म्हणतो, "लग्नानंतर शाळा कशाला? तिकडेही लढाईत बायका कारखान्यांत गेल्या होत्या, आता परत घरी गेल्या. सुखात आहेत."

"गेल्या, की पाठवलं?" मी विचारलं.

"एकच ते," तो हसून म्हणाला. शेजारी बसलेले काका अशा संधीची वाटच बघत होते. "मडमा घरी बसल्या, तू कोण मोठी लागून गेलीस गं?"

लढाईवरून पुरुष परतले की त्या बाईच्या हातातलं यंत्र काढून घेतील, हे तुम्हाला सुचलं नाही? तुम्ही कामगार होतात. गरज संपली की माणसाला कसं काढतात, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको होतं. मग मला तिच्या भरवशावर का वाढवलंत? माझ्या मुलीने काम करावं, एवढं साधं म्हणायला तुम्हाला विलायतेची साक्ष लागली. आता काकांनाही तीच साक्ष पुरते. ती उभी राहिली की मी उभं राहायचं, ती बसली की मी बसायचं. मला कोणी विचारलंच नाही, बाबा. तुम्हीसुद्धा.

मी नकार कळवला. काका बोलत नाहीत. आई मात्र रोज विचारते, "एवढं काय वाईट होतं गो त्याच्यात?" मला तो आवडला होता. हे तिला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला तर कळायची सोयच नाही.