गुरुवारी येणारी वर्डेल

सिनसिनाटी,
१४ ऑक्टोबर

प्रिय ओलेटाताई,

तू पाठवलेले पेकनचे दाणे पोचले. अर्धे तसेच खाऊन संपवले, उरलेल्यांचा केक करीन म्हणते, पण एकटीसाठी ओव्हन पेटवायचा कंटाळा येतो. तुझे गुडघे कसे आहेत? कानातलं यंत्र लावतेस की अजून ड्रॉवरमध्येच आहे? लावलं असतंस तर हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण असू दे, हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

छपराचं काम सुरू आहे. दिवसभर डोक्यावर हातोडे. रॉस्को असता तर शिडी लावून वर चढला असता आणि त्या पोरांना शिकवत बसला असता. तो जाऊन, मी विधवा होऊन दोन वर्षं होतील, पण गळक्या छपराखाली बादली ठेवताना मी अजून त्यालाच हाक मारते.

तू विचारलंस, ग्रेटाचं हल्ली काही लिहीत का नाहीस. ग्रेटा बरी आहे. शेजारीच आहे, जाणार कुठे. मंगळवारी दोघी मिळून पुस्तक वाचायचो, ते मात्र बंद आहे. माझे डोळे दुखतात असं मी तिला सांगितलंय.

डोळे ठणठणीत आहेत, ताई.

छपरासाठी कर्ज हवं होतं. त्यासाठी बँक आधी घराची किंमत ठरवायला माणूस पाठवते. पहिला आला तेव्हा मी पाहुणा आल्यासारखं त्याला लिंबू सरबत दिलं. भिंतीवरचा रॉस्को दाखवला, बसड्रायव्हरच्या टोपीतला. ईस्टरची हॅट घातलेली आपली आई दाखवली. त्यानं लावलेली किंमत वाचून मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद चुकून माझ्याकडे आला. ग्रेटाचं घर आमच्याच मापाचं, तिच्या न्हाणीघराच्या भिंतीला तर ओल आलीय, तरी तिच्या घराची किंमत कितीतरी जास्त.

चर्चमधल्या बायकांना यात काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, दुसऱ्या बँकेत जा, फोटो उतरव, पुस्तकं खोक्यात भर आणि तुझ्या नावानं दार उघडायला एखादी गोरी बसव. ग्रेटा हौसेनं तयार झाली. तिनं आपल्या पिवळ्या केसांच्या नातवंडांचे फोटो आणून टेबलावर मांडले. माझी पुस्तकं आपल्या काळ्या लोकांची, मुखपृष्ठांवर आपलेच चेहरे. ती सगळी पुस्तकं गॅरेजमध्ये गेली आणि त्यांच्या जागी ग्रेटाची आली.

शाळेत साहित्य शिकवताना मी दरवर्षी पोरांना विचारायची, गोष्टीतल्या या बाईचा रंग कुठे लिहिलाय? कुठेच नसायचा. मग ती गोरी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपल्यातलं कुणी असलं तरच लेखक रंग सांगतो, बाकीचे न सांगताच गोरे. त्या दिवशी रिकाम्या भिंतींकडे बघताना मला माझाच तास आठवला. काहीच लिहिलेलं नसलं की घरसुद्धा गोऱ्यांचं होतं.

मी चर्चमागे गाडीत बसून राहायचं ठरलं होतं. बसले. आणि एकदम आठवलं, न्हाणीघराच्या दारामागे माझी रात्रीची रेशमी टोपी टांगलेली आहे, आरशाखाली आपल्या कुरळ्या केसांच्या मलमाची बरणी; गोऱ्या बाईच्या घरात या दोन्ही वस्तू नसतात. ग्रेटाच्या ते लक्षात यायचं कारणच नव्हतं. मी गाडी पळवली, मागच्या दारानं शिरले, तर स्वयंपाकघरात बँकेचा माणूस टेप घेऊन उभा. पोरगेलासा, अगदी सभ्य. म्हणाला, "तुमचं काम चालू द्या, मी नंतर मोजतो."

मी तोंड उघडायच्या आत ग्रेटा म्हणाली, "ही आमची वर्डेल. गुरुवारी येते."

शेजारीण म्हणता आलं असतं. मैत्रीण म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तिला हेच सुचलं, तेही चटकन, हाताशी ठेवल्यासारखं.

मी फडकं उचललं आणि माझाच ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता. मग न्हाणीघर पुसायच्या निमित्तानं जाऊन टोपी आणि बरणी बादलीत लपवली. जाताना तो तिला म्हणाला, "घर फार छान ठेवलंय तुम्ही, मिसेस हचिन्स." तिनं माझ्या नावानं त्याचे आभार मानले. मी सिंककडे तोंड करून उभी होते.

तो गेल्यावर ग्रेटा हसत सुटली. म्हणाली, काय झक्कास नाटक केलंस गं. मीही हसले. किंमत भरपूर आली, कर्ज मंजूर झालं, ती सफरचंदाचा केक घेऊन आली. तिला माझ्यासाठी मनापासून आनंद झाला होता, म्हणून तर भांडताही येईना. रॉस्को गेला त्या दिवशी हॉस्पिटलातून मला घरी आणणारी तीच. या गल्लीत माझं दुसरं कुणी नाही. बँकेचा माणूस येऊन गेल्यापासून ती खिडकीतून हात हलवते, मी हलवते आणि पडदा ओढून घेते. फार एकटं वाटतं, ताई. फोटो होते तेव्हा निदान घरात माणसं होती.

फोटो उतरवलेलेच ठेवले होते, कारण झालेलं काम बघायला तोच माणूस येत्या गुरुवारी परत येणार आहे. मग बँक उरलेले पैसे देणार. काल ग्रेटानं कुंपणावरून विचारलं, मी कितीला येऊ? वर थट्टेनं म्हणाली, "या वेळी तू फडकं घेऊनच थांब."

मी म्हटलं, "तू येऊ नकोस. त्या दिवशी तू मला कामवाली केलंस आणि मी झाले."

ती कुंपण धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"शेजारीण."

ती आत गेली. आज सकाळपासून तिच्या खिडकीचाही पडदा ओढलेला आहे.

आता रॉस्को आणि आई परत भिंतीवर आहेत. खिळे तिथेच होते. पुस्तकं उद्या लावीन. बँकेनं पैसे अडवले तर अर्ध्या छपरावर ताडपत्री टाकून हिवाळा काढावा लागेल, ते मला कळतं आणि त्याची भीतीही वाटते. पण गुरुवारी दार मी उघडणार आहे. सरबत मात्र विचारणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
आठवड्याचे सातही दिवस इथेच राहणारी,
वर्डेल